तोंडाच्या कॅन्सरवरचं संशोधन : कुठे झालं, कुणाच्या तोंडावर झालं?

काही महिन्यांपूर्वी मानपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात एक रिक्षाचालक आले होते. वय पस्तिशीचं. तक्रार एवढीच, की जेवताना तोंडात झोंबतं, तिखट अजिबात सहन होत नाही. मी तोंड उघडायला सांगितलं, तर जेमतेम दोन बोटं आत जातील एवढंच उघडलं. गाल आतून पांढुरके पडलेले आणि बोट फिरवलं तर दोरीसारखे ताठ लागत होते. सुपारीच्या पुड्या दिवसाला आठ-दहा.

मी समजावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, हे वाचा ना. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलंय, हा कॅन्सर व्हायरसमुळे होतो. आणि तंबाखू तर मी दोन वर्षांपूर्वीच सोडला. आता नुसती सुपारी असते."

त्यांनी दाखवलेला लेख खोटा नव्हता. पण तो त्यांच्या तोंडाबद्दल लिहिलेलाच नव्हता. त्यांच्या तोंडाबद्दलचं संशोधन झालं होतं परळला, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, नागपूरला, भावनगरला आणि थेट तैवानला. त्या दिवशी त्यांना जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. आज तीच गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण असे लेख आपल्या सगळ्यांच्याच मोबाईलवर येत असतात.

संशोधनाची मोजदाद म्हणजे काय?

डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ काही नवं शोधतात, तेव्हा ते वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध म्हणून छापतात. आपण त्याला सरसकट 'पेपर' म्हणतो. कोणत्या देशातून किती पेपर निघाले, कोणत्या विषयावर निघाले, पुढच्या लोकांनी त्यांतल्या कुणाचा आधार घेतला, याची मोजदाद करणारी एक वेगळी शाखाच आहे. अमेरिकेतले युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली पेपरांची अशी मोठी सूची सुरू केली आणि तेव्हापासून हे काम सोपं झालं.

तोंडाच्या कॅन्सरवरच्या पेपरांची अशी मोजदाद केली, की अमेरिका, चीन, भारत, जपान ही नावं वरच्या रांगेत दिसतात. पण नुसता आकडा बघून फारसं कळत नाही. कोणत्या भागातल्या डॉक्टरांनी कोणता प्रश्न विचारला, हे बघितलं तर बरंच कळतं. कारण डॉक्टर प्रश्न विचारतो तो समोर बसलेल्या पेशंटकडे बघून. आणि पेशंटच्या तोंडात काय असतं, हे ठरतं तो कुठे राहतो यावर.

सुरुवात दक्षिणेतून

आपल्याकडची सुरुवात मुंबईत झाली नाही. १९०२ साली मद्रासचे निब्लॉक या डॉक्टरांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये भारतातल्या कॅन्सरवर लिहिताना गालाच्या कॅन्सरचा संबंध पान खाण्याशी जोडला. १९०८ साली त्रावणकोर संस्थानातल्या नेय्यूर इथल्या मिशन हॉस्पिटलमधून दोन लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. फेल्स यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या २०९ ऑपरेशनांचा हिशेब मांडला, तर बेंटॉल यांनी कॅन्सरच्या १७०० केसेसचा. इंग्लंडमधल्या डॉक्टरांना त्या काळी एकाच हॉस्पिटलात गालाचा कॅन्सर इतक्या मोठ्या संख्येने बघायला मिळत नसे. १९३३ साली त्याच नेय्यूरमधून ऑर यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पान, सुपारी, चुना आणि तंबाखू यांचा तोबरा गालात धरून ठेवण्याची सवय आणि नेमक्या त्याच जागी येणारी गाठ, हे त्यांनी स्पष्ट मांडलं.

म्हणजे नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी ही गोष्ट जगातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आली होती.

परळचे १००० पेशंट

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, पण डॉक्टर मंडळी त्यांना ओळखतात ती भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारे म्हणून. हॉस्पिटल सुरू होऊन तीन वर्षं होतात तोच, १९४४ साली, त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने १००० केसेसचा आढावा 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन नियतकालिकात छापला.

टाटाला पेशंट येत ते देशभरातून, आणि प्रत्येक जण आपल्या गावची सवय बरोबर घेऊन येई. खानोलकरांनी नेमकं तेच हेरलं. १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी भारतातल्या सवयींमुळे होणारे तीन नवे कॅन्सर वर्णन केले. उत्तरेकडचे लोक खैनी खालच्या ओठामागे ठेवतात, त्यांना कॅन्सर तिथेच होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, त्यांना टाळूचा कॅन्सर होतो. तिसरा तर तोंडाचा नव्हेच. धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसल्याने कातडी घासली जाऊन होणारा. कॅन्सर कुठे झाला हे बघून माणसाची सवय ओळखता येते, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण "अनेक पेशंट तंबाखू खातात" एवढं म्हणून भागत नाही. ज्यांना कॅन्सर नाही तेही खात असतील तर? म्हणून १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी कॅन्सर असलेले आणि नसलेले अशा दोन्ही लोकांच्या सवयी ताडून बघितल्या आणि तो निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. चघळण्याचा संबंध तोंडाच्या कॅन्सरशी लागला. बिडीचा लागला तो जिभेच्या मुळाशी आणि घशाशी. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा गाजलेला निबंध १९५० साली, याच नियतकालिकात छापला होता. तो जगाला पाठ आहे. आपल्या माणसांचा हा निबंध पाचच वर्षांनी आला, पण आपल्याच लोकांना तो फारसा ठाऊक नाही.

तोंड न उघडण्याचा आजार : नैरोबी, मुंबई, तैवान

आता आमच्या रिक्षावाल्या दादांच्या आजाराकडे येऊ. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तोंडाच्या आतल्या अस्तराखाली ताठर धागे तयार होतात, तोंड उघडेनासं होतं, झोंबतं, आणि अशा माणसांपैकी काहींना पुढे कॅन्सर होतो.

१९५२ साली श्वार्ट्झ यांनी हा आजार नैरोबीतल्या पाच भारतीय वंशाच्या बायकांमध्ये वर्णन केला. कारण सापडलं नाही, म्हणून त्यांनी दिलेल्या लॅटिन नावातच 'अज्ञात कारणाचा' असा अर्थ होता. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी तो आपल्या पेशंटमध्ये वर्णन केला. आज जगभर वापरलं जाणारं 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव त्यांचंच. १९५४ साली तैवानमधूनही तशाच आजाराचं वर्णन आलं. तीन टोकांची तीन ठिकाणं, आजार एकच.

कारण मात्र लवकर सापडलं नाही. सुरुवातीला संशय मिरचीवर होता. १९६० साली सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं तिखट द्रव्य लावून प्रयोग केले होते. त्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण पेशंट स्वतःच सांगत असे की तिखट खाल्लं की त्रास होतो. आजही माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी तिखटाचीच तक्रार सांगतो. तिखट झोंबतं हे आजाराचं लक्षण आहे, कारण नव्हे. हे कळायला वेळ लागला.

१९८१ साली लंडनमध्ये कॅनिफ आणि हार्वे यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की सुपारीच्या अर्काने हे धागे तयार करणाऱ्या पेशी जास्त जोमाने काम करू लागतात. १९९० साली भावनगरमधल्या पेशंटचा आणि १९९८ साली नागपूरच्या हजारे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. दोन्हींत बोट सुपारीकडेच गेलं. तोपर्यंत सुपारी पानदानातून निघून पुडीत शिरली होती, शाळकरी मुलांच्या खिशात जात होती, आणि हा आजार कोवळ्या वयातल्या मुलांत दिसू लागला होता.

पण सुपारीने थेट कॅन्सर होतो का? इथे आपल्याकडची मोठी अडचण अशी होती, की आपले लोक सुपारी आणि तंबाखू एकत्र खातात. दोघांतला गुन्हेगार कोण, हे वेगळं काढणार कसं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८५ साली सगळा पुरावा तपासून सांगितलं, की तंबाखू घातलेलं पान कॅन्सर करतं, बिनतंबाखूच्या पानाबद्दल मात्र पुरावा अपुरा आहे. मी एमबीबीएस शिकलो ते याच काळात. सुपारीबद्दल आम्ही 'संशय' हाच शब्द शिकलो.

उत्तर मिळालं ते तैवानमुळे. तिथले लोक सुपारी चघळतात, पण तिच्यात तंबाखू घालत नाहीत. तरीही तिथे तोंडाचा कॅन्सर वाढत होता. १९९० च्या दशकात तिथून एकामागून एक अभ्यास आले. पापुआ न्यू गिनीतूनही चुना लावून खाल्लेल्या सुपारीबद्दल पुरावा आला. मग २००४ साली त्याच जागतिक संस्थेने निकाल बदलला. सुपारी, तंबाखूशिवायसुद्धा, कॅन्सर करते.

मुंबईतला अभ्यास एकटा हे सिद्ध करू शकला नसता, आणि तैवानचाही एकटा पुरला नसता. वेगवेगळ्या भागांतलं संशोधन शेजारी ठेवून वाचण्याचा हा खरा फायदा. "आता नुसती सुपारी असते" या वाक्याचं उत्तर वीसहून अधिक वर्षांपूर्वी छापलं गेलं आहे.

हॉस्पिटलमधून खेड्याकडे

हॉस्पिटलात येतो तो आजार पुढे गेलेला माणूस. आजार सुरू कुठे होतो, हे बघायचं तर घरी जायला हवं. हे केलं मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने. डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे प्रा. पिंडबोर्ग यांनी १९६६ पासून केरळ, आंध्र, गुजरात आणि बिहारमधल्या खेड्यांत घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. १९६९ साली छापलेल्या निबंधात ५०,९१५ माणसांची नोंद आहे. त्यानंतर आपल्या पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तपासणी झाली, तिचा निबंध १९७२ चा. तिथे एक खास मराठी सवय नोंदवली गेली ती म्हणजे मशेरी. तंबाखू भाजून, कुटून दाताला लावायची, बहुतेक बायकांनी. ती दात घासण्यापुरती राहत नाही. दिवसातून चार-पाच वेळा लागते, म्हणजे तेही व्यसनच.

याच गटाने केरळमधल्या गावकऱ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की कॅन्सर बहुधा आधीच्या पांढऱ्या चट्ट्यासारख्या खुणेतून येतो आणि जवळजवळ नेहमी तंबाखू वापरणाऱ्याच माणसाला होतो. १९८६ साली डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांचा अभ्यास छापला. समजावून सांगितलं, पाठपुरावा केला, तर लोक तंबाखू सोडतात किंवा कमी करतात आणि पांढरे चट्टे कमी होतात, असं त्यात दिसलं. "सांगून काय उपयोग, कुणी सोडत नाही" असं म्हणणाऱ्या आम्हा डॉक्टरांना हे उत्तर आहे.

मोजणी करणाऱ्या नोंदवह्याही आपल्याकडेच आधी सुरू झाल्या. शहरातली पहिली कॅन्सर नोंदणी १९६३ साली मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. ग्रामीण भागातली पहिली १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत.

मग व्हायरसचं काय?

२००० सालानंतर अमेरिका आणि युरोपातल्या संशोधनाने वेगळी वाट धरली. तिथे सिगारेट ओढणारे कमी झाले, पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर वाढू लागला. त्यामागे एचपीव्ही नावाचा विषाणू निघाला. त्यामुळे तिथल्या पेपरांत हा शब्द वारंवार येऊ लागला. ते त्यांच्या पेशंटच्या दृष्टीने बरोबरच आहे.

पण टॉन्सिल आणि जिभेचं मूळ म्हणजे घसा. आपल्याकडे कॅन्सर होतो तो मुख्यतः गाल, हिरडी आणि जिभेच्या पुढच्या भागाला. डॉक्टरांच्या बोलण्यात 'मुख' आणि 'मुखाच्या मागचा घसा' हे दोन वेगळे अवयव आहेत, बातमीत मात्र दोन्ही 'तोंडाचा कॅन्सर' होऊन जातात. रिक्षावाल्या दादांची फसगत इथेच झाली.

फरक जनुकांपर्यंत जातो. जगभरच्या कॅन्सर जनुक प्रकल्पात भारताने मुद्दाम गाल-हिरडीचा कॅन्सर निवडला. खारघरची टाटाची संशोधन संस्था आणि बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय संस्था यांचा निबंध २०१३ साली आला. त्यात गाल-हिरडीच्या कॅन्सरशी खास संबंधित अशी पाच जनुकं आढळली.

मोजदादीत न दिसणारं

२०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ७८ हजार नवे रुग्ण होते. त्यातले सुमारे १ लाख ३६ हजार भारतात. म्हणजे जगातल्या दर तीन रुग्णांमागे एकाहून थोडे जास्त आपले. पेपरांची यादी लांब झाली म्हणून हा आकडा आपोआप खाली येत नाही.

मग उपयोगी पेपर कोणता? माझ्या दृष्टीने, ज्याने दवाखान्यातलं वागणं बदलतं तो. तिरुअनंतपुरमच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसती तोंडं नीट तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हा निकाल २००५ चा. २०१५ साली टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने सिद्ध केलं, की सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात असतात, वाट बघून नंतर काढल्या तर ६७.५ टक्के. हा प्रश्न जगभर वर्षानुवर्षं वादात होता. टाटाच्याच डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी एक महागडं इम्युनोथेरपीचं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी प्रमाणात इतर स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन बघितलं. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. असा प्रश्न ज्याच्या पेशंटला पूर्ण डोस परवडत नाही, त्यालाच सुचतो.

कायद्याची गोष्टही थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने २००२ साली गुटखाबंदी केली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यातले बहुतेक जण न ओढता, चघळून किंवा चोळून.

आपण काय करायचं?

मोबाईलवर तोंडाच्या कॅन्सरबद्दल काही वाचलं, तर आधी दोन गोष्टी बघा. अभ्यास कोणत्या भागातल्या लोकांवर झाला? ते लोक काय खातात, काय ओढतात? उत्तर आपल्याशी जुळत नसेल, तर त्या लेखाच्या भरवशावर पुडी फोडू नका.

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात आरसा घेऊन तोंड तपासा. यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा :

- दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा छाला
- पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
- स्वतःची तीन बोटं उभी धरली असता तोंडात न जाणं
- कारण नसताना दात हलणं, गालात गाठ, गिळताना त्रास, जीभ नीट न हलणं
- मानेत गाठ

तंबाखू, मशेरी, सुपारी सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा मोफत क्रमांक आहे : १८००-११-२३५६.

आमच्या त्या दादांना मी दंतवैद्यांकडे पाठवलं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. तोंड उघडण्याचे व्यायाम चालू आहेत. सुपारी सुटली आहे, मध्ये एकदा पुन्हा सुरू झाली होती, तीही थांबली. गाल अजून ताठच आहेत आणि ते पूर्ण पहिल्यासारखे होतील असं मी त्यांना सांगितलेलं नाही. दर तीन महिन्यांनी यायचं, एवढं ठरलं आहे. मागच्या वेळी ते स्टँडवरच्या आणखी एका सोबत्याला घेऊन आले होते. त्याचंही तोंड दोनच बोटं उघडत होतं.